पाच हॉटेलांचा एक तवा

जरा लांबूनच बोला, चटका बसेल. भट्टी आत्ताच पेटली आहे आणि सकाळी मी लवकर तापतो. स्वभावानंही जरा तापटच आहे.

मी तवा. मुरुमच्या मधल्या बागेत घसरगुंडीच्या मागं पालिकेची एक खोली आहे, त्या खोलीतल्या हॉटेलचा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, बोटभर जाड. या खोलीत आजवर पाच हॉटेलं झाली, पाच पाट्या लागल्या. मी मात्र एकच. वजनाला असा आहे, की सोडून जाताना कुठल्याच मालकानं मला बरोबर नेण्याचा विचार केला नाही.

माझा जन्म सोलापूरच्या एका वर्कशॉपमधला. ज्या पत्र्यातून मला कापलं, त्याच्या उरलेल्या तुकड्याचं गोडाऊनचं दार झालं म्हणे. मी तवा झालो तेच बरं. दाराला लोक लाथेनं ढकलतात, माझ्याभोवती मात्र ताटल्या धरून उभे राहतात. मला शरणबसप्पांनी टेम्पोत घालून मुरुमला आणलं. कपाळाला विभूती, बोलण्यात निम्मं मराठी निम्मं कानडी, आणि दोसा असा काढायचे की पलीकडच्या बाकावरच्या माणसाला वासावरून कळावं, आता उलटला.

मी आल्यावर आठ दिवसांनी महेश्वरी आली. नवरा वारलेला, शेत दिरांच्या ताब्यात. डाळ-तांदूळ वाटायला म्हणून शरणबसप्पांनी तिला ठेवलं. "तंगी, पीठ पातळ न्हाय करायचं," म्हणायचे. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ती एका कोपऱ्यात वाटायची, मी दुसऱ्या कोपऱ्यात तापायचो. सहा वर्षं आमची मोठ्या सुखात गेली. मग शरणबसप्पांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मुलगा त्यांना कलबुर्गीला घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला होता. त्या वेळी मी निवलेलो होतो म्हणून बरं, नाहीतर निरोपाचं भलतंच झालं असतं.

त्यांच्यानंतर कृष्णराज पावभाजीवाला. त्या दोन वर्षांत माझे कान किटले. दोन उलथनी घेऊन तो माझ्यावर असा काही ठणाठणा वाजवायचा की झोपाळ्यावरची लेकरं त्या तालावर झोके घ्यायची. त्याला सरकारी नोकरी लागली. पेढे वाटले आणि गेला. मग आला नंदीश. त्यानं पाटी लावली, 'न्यू ड्रॅगन चायनीज'. जुना ड्रॅगन कुठं होता ते त्यालाच ठाऊक. त्याच्याकडं कढयाच कढया. त्यानं मला उचलून बाहेर गटारीवर टाकलं, हातगाडी पलीकडं न्यायला पूल हवा होता म्हणून. अपमान झाला, खोटं कशाला बोलू? पण पावसाळ्यात माझ्याखाली बेडकांचं एक कुटुंब राहायला आलं आणि सोबत चांगली मिळाली. पुढं नंदीशही हायवेवर ढाबा टाकायला निघून गेला.

मालक बदलला की बाकावरचे तिघे पेन्शनर एकमेकांना सांगायचे, "म्या आधीच म्हणलो हुतो." खरं तर तिघांपैकी कुणीच काही म्हणालेलं नसायचं. माणसांना झालेल्या गोष्टीचं भविष्य सांगायला फार आवडतं.

महेश्वरी मात्र कुठंच गेली नाही. दोशाचं पीठ झालं, पावभाजीचे कांदे झाले, मंचुरियनचे गोळे झाले. येईल त्या मालकाबरोबर ती नवा पदार्थ शिकायची आणि मागच्या मोरीपाशी उभ्यानं दोन घास खायची.

चौथा मालक रणधीर, पुण्याचा. आजोळ धाराशिवचं, पण ते लग्नकार्यापुरतं. गटारीवर मला बघून तो ओरडलाच, "अरे, हा तर केवढा भारी पीस आहे!" मला आनंदाचं भरतं आलं. वाटलं, आता भट्टी. पण त्यानं मला घासून-पुसून वर काळा ऑइलपेंट फासला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'बसा, गप्पा मारा' असं लिहिलं आणि भिंतीवर टांगून ठेवलं. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. तव्यानं भिंतीवर लटकून हसरं तोंड करायचं, ही काय जगण्याची रीत आहे?

रणधीरचं उद्घाटन मात्र अजून गावात सांगितलं जातं. त्यानं कॅलेंडर बघितलं, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी दिसली आणि तोच दिवस धरला. ती सुट्टी होती येळवशीची. वेळा अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जातं. कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील यांवर आडवा हात मारतात. त्या दिवशी गावात टाचणी पडली तरी ऐकू येते.

महेश्वरीनं सांगून बघितलं होतं. "साहेब, येळवशीला गावात कोण नसतंय ओ."

"ताई, सुट्टी म्हटल्यावर लोक बाहेर फिरायला जाणारच ना?"

"जात्यात की. पर रानात जात्यात."

रणधीर हसला. दोनशे सँडविचं करून ठेवली, दाराला फुगे आणि झेंडूचं तोरण लावलं, गाणी लावली. दुपारपर्यंत एक शेळी आली. तिनं तोरण खाल्लं आणि गेली. भिंतीवरून मी सगळं बघत होतो आणि हसू दाबताना माझा खिळा हलत होता. बिचाऱ्याचा चेहरा मात्र बघवत नव्हता. उन्हं कलल्यावर चार माणसं आली. सरकारी दवाखान्यातली ड्यूटीवरची नर्स हर्षाली, मुक्कामी गाडीचे कंडक्टर-ड्रायव्हर आणि गावातली म्हातारी कोंडाबाई. कोंडाबाईला ट्रॅक्टरवर चढवत नाही म्हणून घरचे तिला मागं ठेवून गेले होते. रणधीरनं मोठ्या मनानं सगळ्यांना सँडविच दिलं. कोंडाबाईनं एक घास खाल्ला आणि उरलेलं पदरात गुंडाळून ठेवलं. "चांगलंय बाबा. पर आज भज्जी पायजे हुती," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महेश्वरी ते खिडकीतून बघत होती. तिलाही दिरांनी कधी शेतात बोलावलं नव्हतं.

आठ महिन्यांनी रणधीर पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "ताई, खरं तर हे तुम्हीच चालवायला हवं."

त्यानंतर ती खोली घ्यायला कुणी पुढंच येईना. पालिकेनं ठरवलं, हॉटेल बास, तिथं हिरवळीला पाणी द्यायचा पंप बसवू. हे कळल्यावर महेश्वरी आयुष्यात पहिल्यांदा पालिकेची पायरी चढली. बरोबर बचतगटाच्या दोघी. परत आली ती धापा टाकत, आणि बागेचा माळी बब्रुवान याला सांगू लागली, "दिली! पर येळवशीपतोर. तवर चाललं तर कागद करून देतो म्हणले. न्हाय चाललं तर पंप."

येळवशीला अडीच महिने होते. तेरा-चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पाटीखाली राबलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं एवढंच मिळालं होतं. ते गेलं असतं तर तिला पुन्हा कुणाच्या तरी घरी भांडी घासायला जावं लागलं असतं. आणि मी भंगारात गेलो असतो, हेही खरं.

तिनं बब्रुवानच्या मदतीनं मला भिंतीवरून उतरवलं आणि भट्टीवर ठेवलं. मी मनात म्हटलं, आता दाखवतो! आणि पहिल्याच दिवशी मी तिची लाज घालवली. रंग वरवर खरवडला होता, पण माझ्या अंगात मुरलेलं तेल कधीच गेलं होतं. धपाटं टाकलं की चिकटायचं. उलथनं घातलं की तुकडे. गिऱ्हाईक ताटलीकडं बघायचं, तिच्याकडं बघायचं आणि चहा घेऊन जायचं. बब्रुवान सगळा चुरा खात म्हणाला, "अक्का, चव झकास हाय. नकाशा तेवढा बिघडलाय." ती हसली, पण दुपारी पाठ फिरवून बसली ती बराच वेळ उठली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिनं शरणबसप्पांना व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा आणखी वाळला होता, पण नजर तीच.

"तव्याकडं धर फोन," ते म्हणाले. बराच वेळ माझ्याकडं बघून विचारलं, "काय केलात ह्याचं?"

"भिंतीला टांगला हुता, अण्णा."

"अय्यो! तंगी, आदी लाकडावर लाल हुईस्तोर जाळ. रंग समदा जाऊ दे. मग मीठ भाज त्याच्यावर. मग अर्धा कांदा तेलात बुडवून पुसत ऱ्हा. रोज. आठ दिस कायबी विकू नको. घाई केलीस तर पुन्ना चिकटतंय."

अडीच महिन्यांतले आठ दिवस! पण तिनं ऐकलं. बागेच्या मागं तीन विटांवर ठेवून मला जाळलं. 'बसा, गप्पा मारा' धुरातून निघून गेलं. मग मीठ, मग कांदा, मग तेल, पुन्हा कांदा. तिचे हात काळे झाले, डोळे चुरचुरले. मीही जीव तोडून तेल पीत राहिलो. नवव्या दिवशी तिनं ज्वारीच्या पिठाचं धपाटं माझ्यावर थापलं, कडेनं तेल सोडलं, उलथनं घातलं आणि धपाटं असं अलगद सुटलं की ती एकदम "गं बया!" म्हणाली.

त्यानंतर लोक यायला लागले. सकाळी चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची, दुपारी धपाटं, दही, शेंगदाण्याची चटणी. बाकावरचे तिघे रोज एक धपाटं तिघांत घ्यायचे आणि सांगायचे, "चार महिन्यात हेबी जातंय बघा." तेवढ्यात येळवस तोंडावर आली.

"अक्का, त्या दिशी तरी बंद ठिवा," बब्रुवान काकुळतीला आला. "रणधीर साहेबांचं झालं तसं हुईल. शेवटच्या दिशी हसं नको."

"त्या दिशी गावात कोण कोण ऱ्हातंय, ते म्या बघितलंय," महेश्वरी म्हणाली. मग ती स्वतः दवाखान्यात, स्टँडवर, बँकेत जाऊन सांगून आली. ज्यांना रान नाही त्यांनी येळवशीला बागेत या.

येळवशीला दिवस उजाडला तसं गाव रिकामं झालं. बब्रुवाननं लिंबाखाली कडब्याची खोप केली, आत पाच दगड चुना लावून मांडले. त्यालाही रान नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या पातेल्यात भज्जी शिजत होती, उंडे झाकून ठेवले होते, डेऱ्यात आंबील. मी बाजरीच्या भाकरी भाजत होतो आणि एकसारखा दाराकडं बघत होतो. नऊ वाजले, दहा वाजले. महेश्वरीचा हात थापता थापता थांबायचा.

मग हर्षाली आली, बरोबर दवाखान्यातल्या रुग्णांचे सात-आठ नातेवाईक. चार गाड्यांचे कंडक्टर-ड्रायव्हर आले. बँकेतला बिहारकडचा नवा साहेब आला आणि पांडव बघून हात जोडून उभा राहिला. बब्रुवाननं कोंडाबाईला पालापाचोळ्याच्या हातगाडीत गोधडी घालून बसवून आणलं. ती राणीसारखी चहूकडं बघत होती. बारापर्यंत हिरवळीवर बसायला जागा उरली नाही.

तेवढ्यात पालिकेचे अभियंता साहेब आले. हातात मोजायचा टेप. गाव रिकामं असताना पंपाच्या ओट्याचं माप घेऊन टाकावं, असा त्यांचा हिशेब. ते दारातच थबकले. कुणीतरी "बसा की साहेब" म्हणून त्यांना खाली ओढलं. ताट हातात आलं, आणि टेप ठेवायला जागा मिळेना म्हणून त्यांनी तो खिशात घातला. भज्जी त्यांनी तीनदा घेतली. मी मोजलं.

पण जेवणाआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. पूजा झाली आणि कोंडाबाई हातगाडीतून ओरडली, "आंबील कोण शिंपायचं?" रानात पूजा झाली की ज्याचं रान तो आंबील शिंपत सगळ्या रानाभोवती फिरतो.

"हे रान कुणाचं?" कोंडाबाईनं विचारलं.

"पालिकेचं," बब्रुवान म्हणाला.

"मग पालिका येतीया व्हय शिंपायला? ऊठ गं महेश्वरी."

महेश्वरी जागची हलेना. कोंडाबाईनं तांब्या पुढं केला तो केलाच. शेवटी तिनं पदर खोचला, तांब्या घेतला, लिंबाचा डहाळा बुडवला आणि निघाली. घसरगुंडीला शिंपलं, झोपाळ्यांना शिंपलं, बाकांना, मेंदीच्या कुंपणाला शिंपलं. मागून "हर हर महादेव" करत सगळी माणसं. बिहारचा साहेब सगळ्यांत जोरात. बाईचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. बाग पुरी फिरून ती हॉटेलात आली, तांब्याच्या तळाशी उरलेली आंबील तिनं माझ्यावर ओतली आणि मी असा छन्नकन ओरडलो की बाहेर सगळे हसले. एवढ्या वर्षांत मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो.

पुढच्या सोमवारी कागद झाला. तीन वर्षांसाठी, तिच्या नावानं. पंप बागेच्या विहिरीपाशी बसला.

आता निघा तुम्ही, माझ्यावर धपाटं आहे आणि मला बोलता बोलता करपवायचं नाही. मुरुमला आलात तर या. येळवशीला मात्र ज्यांचं शेत आहे त्यांनी आपापल्या शेतात जावं. नसेल, तर सरळ बागेत या. आमचं रान आहे इथं.