पान एकशे बारा

फौजेतली माणसं पुस्तकं वाचत नाहीत असा एक समज आहे, आणि गिनीच्या लढाईहून परतलेल्या या पोर्तुगीज कंपनीने तो त्रेचाळीस वर्षं इमानाने जपला होता. पण यंदा त्यांच्या लेफ्टनंटनेच कादंबरी लिहिली. त्यामुळे जूनच्या पहिल्या शनिवारी, कंपनीच्या वार्षिक जेवणाला, जो तो काखेत एक प्रत घेऊन आला होता. जो तो तिच्यात फक्त स्वतःला शोधून आला होता.

"मला पान चाळीसवरच मारलंय," झेफेरिनो म्हणाला. तो कंपनीचा स्वयंपाकी. "दोन वर्षं यांना रांधून घातलं, त्याची ही परतफेड!"

"तुझ्या हातचं जेवलाय तो. सूड घेणारच."

"आणि मी कधी रे रडलो?" टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी विचारलं. "पान नव्वदवर मी ओक्साबोक्शी रडतोय!"

"रडला होतास. माझ्याच शर्टाला नाक पुसलंस."

टेबल हसलं. वाइनचे जग इकडून तिकडे सरकले.

फिर्मिनो हसला नव्हता. जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवलेला हा माणूस; शाळा सुटल्यापासून त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं. हे त्याने चार दिवसांत वाचलं. वाचताना दातांत लाल धूळ आली. लोखंडी टोकाच्या काठीचा टक्, टक् आवाज आला. तिकडे रोज सकाळी ट्रकच्या पुढे दोघांनी पायी चालायचं आणि त्या काठीने रस्ता टोचत सुरुंग शोधायचे. पाळ्या ठरलेल्या असत. त्या गुरुवारी पाळी फिर्मिनोची होती. त्याने थर्मामीटर कॉफीच्या गरम मगाला टेकवला आणि आजारी पडला.

"झोप तू," त्याचा दोस्त जासिंतो म्हणाला होता. "मी जातो. येताना आंबे आणतो तुला."

आंबे आले नाहीत.

पुस्तकात हे सगळं पान एकशे बारावर होतं. फक्त थर्मामीटर नव्हता आणि फिर्मिनोही नव्हता. तिथे पत्त्यांत हरलेला लेफ्टनंट चिडून यादीतलं नाव खोडतो, जासिंतोला पुढे धाडतो आणि पुढची सहा पानं स्वतःला शिव्या घालतो. पानं उत्तम होती. फिर्मिनोने ती तीनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा त्याला घरफोडी झाल्यासारखं वाटलं.

जासिंतोची बहीण देओलिंदा गेली पंचवीस वर्षं या जेवणाला येत असे. मधाचा केक घरी भाजून आणायची आणि पहिला तुकडा फिर्मिनोला द्यायची. "माझ्या भावाला हसताना शेवटचं यानं पाहिलं," असं दरवर्षी सगळ्यांना सांगायची. तेवढं खरंच होतं. केक संपला की तिला सांगून टाकायचं, असं फिर्मिनो दरवर्षी येताना बसमध्ये ठरवायचा. पंचवीस केक संपले. पुस्तक निघालं तेव्हा त्याला धडकी भरली होती. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. आता निदान दुसरं कोणी तरी सांगेल.

त्या सकाळी, टेबलावर बसण्याआधी, मृतांसाठीची प्रार्थना आटोपल्यावर त्याने लेफ्टनंट सार्मेंतोला चर्चच्या भिंतीपाशी गाठलं होतं.

"साहेब, पान एकशे बारा."

"आवडलं?"

"ते माझं आहे."

सार्मेंतो चष्मा पुसत राहिला. "आजारपणाच्या अर्जावर सही कोणाची होती, फिर्मिनो?"

"तुमची."

"त्या आधी मी तुझ्या कपाळाला हात लावला होता. गार होतं." त्याने चष्मा चढवला. "तरी सही केली. मग पान कोणाचं?"

"मग तसंच लिहायचं होतंत!"

"लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाला, दोन गुन्हेगार असले की वाचक गोंधळतो."

जेवणात कॉड मासा होता, बटाटे होते. मग देओलिंदा केक घेऊन उठली. चाळीस माणसं तिच्याकडे वळली.

"पुस्तक वाचून मी महिनाभर रागात होते," ती म्हणाली. "मग वाटलं, हा माणूस गप्पही बसू शकला असता. कोण विचारणार होतं? सार्मेंतो, मी तुम्हाला माफ केलं." तिने पहिला तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला. टाळ्या पडल्या. सार्मेंतोने मान खाली घातली; तीही त्याला चांगली घालता आली. दोन-तीन म्हाताऱ्यांनी रुमाल काढले.

दुसरा तुकडा फिर्मिनोचा होता. तो उभा राहिला.

"देओलिंदाबाई, साहेबांनी नाही. मी. त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप नव्हता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला, आणि तिथेच सगळं हातचं गेलं.

"बस रे," ती म्हणाली. "तुझं मन मला ठाऊक आहे. तुला त्यांचं ओझं वाटून घ्यायचंय."

"नाही हो! मी थर्मामीटर—"

"फिर्मिनो, छापलंय ते. एवढा मोठा शिकलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध खोटं कशाला लिहील?"

फिर्मिनोने सार्मेंतोकडे पाहिलं. सार्मेंतोच्या तोंडात केक होता. तो गिळायला त्याला बराच वेळ लागला. गिळून झाल्यावर त्याने पाणी मागितलं.

"खाली बस, साधुमहाराज," झेफेरिनोने त्याची बाही ओढली. "साहेबांचं पापसुद्धा तुलाच पाहिजे?"

लोक हसले. फिर्मिनो बसला.

शेवटी दरवर्षीसारखी हजेरी झाली. मेलेल्यांची नावं वाचायची आणि त्यांच्यासाठी सगळ्यांनी 'हजर' ओरडायचं. जासिंतोच्या नावाला फिर्मिनोचा आवाज नेहमी इतरांच्या अर्धा क्षण आधी निघायचा. ही त्याची जुनी खोड, सगळ्यांना माहीत होती.

"जासिंतो मोराइश!"

"हजर!" चाळीस गळे एकदम म्हणाले. सार्मेंतोचा सगळ्यांत वर होता.

पुढचं नाव वाचायला झेफेरिनोने तोंड उघडलं, तेव्हा कुठे टेबलाच्या मधूनच एकटा, चिरका आवाज आला.

"हजर."

"कान गेले रे तुझे," कोणीतरी म्हणालं, आणि देओलिंदाने मायेने फिर्मिनोच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.