मडगार्डवरचा उडालेला रंग

गुडघा नवा, दात नवे, डोळ्यातलं भिंगसुद्धा नवं. मुलाने एकेक करत नर्सबाईंची इतकी डागडुजी करून घेतली होती की जुनं म्हणावं असं नाक तेवढं उरलं होतं, आणि त्याला त्या कुणाच्या बापाला हात लावू देणार नव्हत्या. पण त्या डोळे तपासायला गेल्या असताना पठ्ठ्याने त्यांची सायकल उचलून रंगाऱ्याकडे नेली, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं.

सगळी नोकरी त्यांनी हिच्यावर काढली होती. बाळंतिणी तपासत गल्लोगल्ली हिंडल्या होत्या. सायकलचा हिरवा रंग हँडलपाशी विटला होता, आणि मागच्या मडगार्डवर तर दोन्ही बाजूंनी पार उडून पत्रा उघडा पडला होता.

त्या तरातरा दुकानात पोचल्या तेव्हा रंगारी पॉलिशपेपर ओला करून नेमका मडगार्डपाशीच बसला होता. सगळ्यात खराब जागा आधी घासायची, ही त्याची रीत. मुलगा शेजारी उभा राहून सूचना देत होता.

"थांब!" नर्सबाई ओरडल्या.

"अगं आई, तुला सरप्राइज देणार होतो," मुलगा म्हणाला. "नवी कोरी करून हॉलमध्ये भिंतीला लावू."

"मलाही टांग शेजारी. जोडी शोभेल."

"भंगारवाला दोनदा विचारून गेला, देता का म्हणून. लाज वाटते मला."

"पुढच्या वेळी विचार त्याला, आईपण घेतोस का."

रंगारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "पेपर मारू की नको? एकदा गेलेला रंग परत येत नाही हां."

"मारा," मुलगा म्हणाला.

नर्सबाईंनी मडगार्डवर पंजा पसरून ठेवला. "आधी ह्या हातावरून मार."

रंगाऱ्याने गुपचूप पेपर बादलीत टाकला.

"एवढं काय आहे त्या डागांत?" मुलगा वैतागला.

"तुझ्या टाचा आहेत. शाळेत जायचं नाही म्हणून मागे बसून रोज आपटायचास. आख्खा रस्ता भोकाड! मीपण रडायचे रे, तुला पाठ तेवढी दिसायची. पण सायकल एक दिवस थांबवली नाही. माझं अंग हवं तसं बदललंस, मी बोलले नाही. हे घासायचं नाही."

मुलाची नजर आपल्या चकचकीत बुटांवर गेली.

"गंजावर तेलाचा हात फिरव, हवा भर," त्यांनी रंगाऱ्याला फर्मावलं. "रंगाला बोट लावायचं नाही."

हवा भरून झाल्यावर त्यांनी सायकल रस्त्यावर घेतली आणि पेडलवर पाय टाकला.

"आई, गुडघा!" मुलगा मागून धावला.

"नवा बसवून दिलास ना?" त्या म्हणाल्या. "मग तो काय भिंतीला लावायला दिलास?"

आणि निघाल्या.