कोलशेतचा चिखल

“मना दे ती बाटली,” आई म्हणाली. “तुजी बूटं खराब व्हतील.”

ओहोटी लागली होती. कोलशेतच्या खाडीच्या धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो. मी, आई आणि आमच्या कॉलेजच्या जागृती मॅडम. त्यांच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काचेची भांडी धुतोय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला इथल्या चिखलाची बाटली भरून आणायला सांगितलं. त्या चिखलात त्यांना एक जीवाणू सापडला. सांडलेल्या तेलावर जगणारा, आजवर कुठेच नोंद नसलेला. त्याला माझ्या गावाचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं. तुमच्यामुळे मिळाला, म्हणाल्या. आता इथला चिखल पुन्हा तपासायचा, की नाव पक्कं.

आईने ते आळीभर करून टाकलं होतं. जन्मभर तिने इथल्या मिठागरात पाय कुजवले. जमिनी विकून भाऊबंदांचे बंगले उठले आणि मिठागराचं नाव कोणी काढेनासं झालं. मीही त्यातलाच.

दोन वर्षांपूर्वी ती पहिली बाटली भरायची त्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या, काळुरामदादाच्या धक्क्यालगतच्या बंगल्यात त्याच्या मुलीची हळद होती. गाड्या पार धक्क्यापर्यंत लागलेल्या, सगळे नातेवाईक तिथेच. त्यांच्यादेखत पँट दुमडून घाणीत उतरायचं माझ्या जिवावर आलं. मी तसाच मागे फिरलो आणि खाडीपलीकडे कळव्यात, ओळखीचं कोणी नाही असं बघून, एका नाल्यात बाटली बुडवली. चिठ्ठीवर मात्र कोलशेत लिहिलं.

आईने लुगडं वर खोचलं आणि पायऱ्या उतरून सरळ चिखलात शिरली. पोटऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. काळुरामदादाच्या गच्चीतून दोघीतिघी बघत होत्या. आईने त्यांना हात केला. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

“मॅडम, पहिली बाटली इथली नव्हती,” मी म्हणालो. “कळव्याच्या नाल्यातली होती.”

मॅडमनी का, एवढंच विचारलं.

“इथे उतरायची लाज वाटलेली. सगळे बघत होते.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. आता गावाचं नाव देता येणार नाही, म्हणाल्या, लिहिलेलं सगळं मागे घ्यावं लागेल. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई खाली वाकलेली तशीच थांबली होती. ओहोटीला धक्क्यावरचं बोलणं खाली स्वच्छ ऐकू येतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी मी हळू बोललो नव्हतो.

मग तिने हाताने चिखल ओढून बाटली भरली, झाकण लावलं, पदराने पुसली. पायरीपाशी येऊन वर धरली.

“धर,” म्हणाली. “ही इथली हाय.”

ती घ्यायला मला धक्क्यावर गुडघे टेकावे लागले.