दर हिवाळ्यात मला पुरतात

फाटकी गादी. कार्मेलोचा कोट. मार्चमधले ऊन. त्याच्या बायकोचे नख. ऑलिव्ह तेलाचा थेंब.

मित्रांनो, यातले एक सोडून बाकीच्यांवर मी जगलो. मी एक जुना अंजीरवृक्ष आहे, पिट्सबर्ग शहरात विटांच्या भिंतीला पाठ टेकून उभा. माझे मूळ दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातले. तिथे थंडी पाहुणी असते, इथे घरमालकीण. म्हणून दर नोव्हेंबरला माझा मालक कार्मेलो माझी एका बाजूची मुळे तोडतो आणि मला हळूच खड्ड्यात आडवा निजवतो. अंगावर कोट, गादी, फळ्या, माती.

"यंदा कुणाला पुरलंस रे?" शेजारच्या डॉइलबाई कुंपणावरून विचारतात.

"सासूला!"

"ऐकू आलं हं!" आतून त्याची बायको असुंता.

एका वर्षी कार्मेलोची थोरली बहीण नुन्झियाता गावाहून पहिल्यांदाच येणार होती, सप्टेंबरात. गावच्या झाडाच्या ज्या फांदीतून मी वाढलो, ती तिनेच त्याला दिली होती. "तुझ्या झाडाची फळं तुला खायला घालीन," असे त्याने कबूल केले होते.

मार्चमध्ये ऊन पडले. संत जोसेफचा दिवस, कार्मेलोच्या गावचा सण, उजाडला. कार्मेलोने फावडे घेतले.

"थांब रे," असुंता म्हणाली. "डॉइलबाईंनी अजून पायातले लोकरीचे मोजे उतरवले नाहीत."

"आमच्या गावात आज अंजीर फुटतं!"

"मग जा गावाला!"

त्याने मला उभे केले. आहा, ते ऊन! माझ्या फांद्यांवर कोंब फुटले.

आणि बर्फ पडला.

फांद्या काळ्या. सगळ्या. कार्मेलो करवत घेऊन पायरीवर बसला. "ताईला काय दाखवू? जळण?"

असुंताने बुंध्याशी नखाने साल खरवडली. आत हिरवे होते. "रडतोस काय? वरचं काप. खाली जीव आहे."

मित्रांनो, आमच्या जातीची एक खोड आहे. नव्या फांदीवरही आम्ही त्याच वर्षी फळतो. मे महिन्यात मी जमिनीतून वर आलो. जुलैत असुंताने माझे शेंडे खुडले: "उंची पुरे, आता फळं." फळे आली. पण सप्टेंबर लागला तरी दगडासारखी. मग तिने काडीने प्रत्येक फळाच्या तोंडाला तेलाचा थेंब लावला. फळे फुगली, मऊ झाली, माना टाकून लोंबू लागली.

ताई आली. मी तिच्या कमरेला लागत होतो.

"हे? तू तर म्हणायचास, छपराला टेकलंय!"

"ते… तुला वाकून नमस्कार करतंय, ताई."

"खोटारडा!" म्हणत तिने फळ तोडले, सालीसकट तोंडात टाकले. रस हनुवटीवर. ती डोळे मिटून चघळत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत.

"बघताय काय? दुसरं द्या!"

डॉइलबाईही कुंपणावरून हात पुढे करून उभ्या. "गादीखाली हे असतं होय!" कार्मेलो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

मित्रांनो, ज्याला जपता त्याचे पांघरूण गावचा सण पाहून काढू नका, डोक्यावरचे आभाळ पाहून काढा. आणि काळे पडलेले झाड उपटण्याआधी बुंध्याशी एकदा खरवडून बघा.

आणि हो, कार्मेलोला स्वतःला अंजीर आवडत नाही. तरी दर नोव्हेंबरला तो माझ्यासाठी खड्डा खणतो.