आईचं नाव, बापाचं नाव

तीन वर्षं झाली, इज्जाचा मिमून खेचरं घेऊन वाळवंटाकडे गेला तो गेलाच. तेव्हापासून दर उरुसाला ती नवा सदरा शिवून डोंगरातल्या ज्यू संत रब्बींच्या कबरीवर ठेवायची आणि लेकाच्या नावाने दुवा मागायची.

आता आपली रीत सरळ आहे: जित्या माणसासाठी दुवा मागायची तर आईचं नाव लावायचं, मेलेल्यासाठी बापाचं.

"वहिनी, यंदा तरी बापाचं नाव लाव गं," नणंद जोहरा म्हणाली. "किती दिवस फसवशील जिवाला?"

"तुझ्या तोंडात माती पडो!" इज्जा फणकारली.

जोहरा तंबूत चहा आणायला गेली.

कबरीवर दुवा म्हणणारे जुने पाठक वारले होते. यंदा पहिल्यांदाच दूरच्या खोऱ्यातून एक आंधळे म्हातारे आले होते. इज्जाने त्यांच्यापुढे न पेटवलेली मेणबत्ती धरली. "मिमून. इज्जाचा लेक."

म्हाताऱ्याने डोळे मिटून सुरुवात केली. "मिमून, हननियाचा लेक..."

नवऱ्याचं नाव तर इज्जाने सांगितलंच नव्हतं.

"जिभेला काही हाड आहे का, बाबा? इज्जाचा म्हटलं मी!"

"चुकलं, बाई." त्यांनी घसा खाकरला. "मिमून, हननियाचा लेक..."

मागे ग्लास खळकन फुटले. चहाचं ताट घेऊन आलेली जोहरा पांढरीफटक पडली होती. "माझ्या भावाचं नाव... वहिनी, शपथ घेते, मी यांच्याशी बोललेसुद्धा नाही."

भर दुपार होती, वारा नव्हता, तरी कबरीवरच्या सगळ्या ज्योती एका बाजूला कलल्या होत्या, म्हाताऱ्याच्या डाव्या कानाकडे.

"बाई, रागावू नका," म्हातारे म्हणाले. "इथे कुणी पोरगा उभा आहे का? मी तुमचं नाव घ्यायला गेलो की कानाशी म्हणतो, आईचं नको, बाबांचं घ्या."

इज्जा म्हाताऱ्याजवळ सरकली.

"आवाज कसा आहे?"

"घोगरा. घसा बसल्यासारखा."

"थंडी बाधते त्याला," इज्जा म्हणाली. "लहानपणापासून."

तिने सदऱ्याची घडी मोडून तो कबरीवर नीट पसरला, बाह्या सरळ केल्या. मग, मयताच्या शोकात फाडतात तसा, आपल्या अंगावरच्या कपड्याचा गळा दोन्ही हातांनी टरकन फाडला.

म्हातारे पुन्हा तोंड उघडणार, तोच तिने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाबा. त्याला किती वेळ तिष्ठत ठेवू? मीच म्हणते." तिने मेणबत्ती पेटवली. "मिमून," ती म्हणाली, "हननियाचा लेक."

ज्योती सरळ झाल्या.