विर्ताच्या बाकावरून

आमच्या गावातून सायकलवाले पाहुणे जायला लागले त्याला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं माझ्या पोटात दुखतंय. उगाच लपवण्यात अर्थ नाही.

गेडे अर्ताना हा त्यांचा वाटाड्या. बालीच्या या आमच्या कोपऱ्यातली वीस किलोमीटरची फेरी त्यानंच बसवली. फार चढ नाही, फार उतार नाही. पाटाच्या कडेनं, नारळांखालून, दोन देवळं मागे टाकून निघालो तिथंच परत. वाट आधी माझ्या बांधावरून जाते. माझ्या बांधावर कुणी थांबत नाही. घंटी वाजवत पुढं जातात, ओढ्यावरचा पूल ओलांडतात, चढ चढतात आणि माझा चुलतभाऊ नेंगा विर्ता याच्या खोपीला सायकली टेकवतात. मधल्या बांबूंमुळे मला फक्त खोपीचं छप्पर दिसतं. पण आवाज येतात. आधी सगळे गप्प होतात, मग कुणीतरी 'अहाहा' करतं. रोज, साडेनऊला.

विर्ताचं भात मला ठाऊक आहे. ठेंगणं, एक वर्षाआड तुडतुडे लागलेलं. बियाणं माझ्याच बापाकडून नेलेलं. मग अहाहा कशाचं? तिकडं जाऊन बघावं, तर पाण्याच्या पाळीवरून आमचं बोलणं बंद. खोपीपुढचं बाक त्यानं भांडणानंतरच केलं. देवळात समोरासमोर बसलो तरी मी त्याच्या डोक्याच्या रुमालाकडे बघायचो, तोंडाकडे नाही.

"आपलं भात खायला आहे की बघायला?" माझी बायको रेनिंग विचारायची.

"दोन्हीला," मी म्हणायचो.

गेल्या कापणीनंतर मी वरची तीन खाचरं बुजवली. बापानं हातानं बांधलेली. वर सिमेंट ओतलं, सिमेंटवर माणूस आत उभं राहील एवढा लाकडी बदाम ठोकला, गुलाबी रंगाचा, आणि शेजारी झोका. शेजारच्या गावात असलं केलंय, तिथं फोटोसाठी रांगा लागतात. रेनिंग भातदेवीच्या नैवेद्याचं पानांचं तबक घेऊन आली आणि ते ठेवायला जागा शोधत राहिली.

"देवीला झोक्यावर बसवू का?" ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात दोन पोरी थांबल्या, एक फोटो काढून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात विर्ताकडचं अहाहा बंद झालं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यात सायकली आल्याच नाहीत. गेडे त्यांना अलीकडूनच वळवून झऱ्याकडे न्यायला लागला होता.

मी त्याला बाजारात गाठलं. "का रे, माझ्या झोक्याला काटे आहेत काय?"

त्यानं मान खाजवली. "काका, सांगून पटायचं नाही तुम्हाला. उद्या माझ्याबरोबर या. जुनी फेरी मारू."

चौपन्न वर्षांत त्या वाटेनं मी डोक्यावर भारा घेऊन गेलोय, मोटरसायकलवर गेलोय. सायकलवर, रिकाम्या हातांनी, कधीच नाही. त्यात आमच्याकडे वाटेत दिसेल तो विचारतो, कुठं निघालास? उत्तर द्यावंच लागतं.

"लांद्रा, कुठं रे?" केळ्याची भजी तळणाऱ्या सुकर्नीनं विचारलं.

"गोल फिरून घरी."

"मग निघालास कशाला?"

चढावर गुडघे बोलायला लागले, पण उतार लागला की वारा सदऱ्यात शिरायचा. चटयांवर लवंगा वाळत होत्या. बदकांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही एक पाय टेकून उभे राहिलो, आणि रोज असं हिंडायला मिळणाऱ्या गेडेचाही मला हेवा वाटला. मग माझा बांध आला. उताराचा वेग होता. मीसुद्धा थांबलो नाही.

पूल, मग विर्ताच्या खोपीचा चढ. वर पोचेस्तोवर मला धाप लागली. समोर बाक होतं, म्हणून बसलो. बाकाचं तोंड ओढ्याकडे, बांबूंच्या वरून पलीकडे.

पलीकडे शेत होतं. ओढ्यापासून एकेक वळण घेत खाचरं वर चढली होती, नुकत्याच लावलेल्या रोपांमध्ये पाणी होतं आणि पाण्यात आभाळ. एक बाई वाकून निंदत होती. मागे आगुंग डोंगर, अख्खा. ती बाई रेनिंग आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. आणि सगळ्यांत वर, डोंगराच्या बरोबर पायाशी, गुलाबी बदाम.

विर्तानं कॉफी आणून बाकावर ठेवली.

"पाहुणे हे बघायचे?" मी विचारलं.

"मग काय माझी खोपी बघायचे? विचारायचे, कुणाचं शेत. मी सांगायचो, धाकट्या भावाचं, लांद्राचं."

"सहा वर्षं? मला एकदा सांगायचं होतंस, दादा."

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

गेडे सायकलची साखळी बघायला खाली बसला. साखळीला काही झालं नव्हतं.

"बदाम काढतो," मी म्हणालो.

"तो निघेल. ती तीन खाचरं बांधायला काकांना दोन पावसाळे लागले होते. दगड मी वाहिलेत." विर्ता पलीकडे बघत होता. "सकाळी ऊन पहिलं त्या तिन्हींवर पडायचं."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या वेळी तिथंच असायचो, चिखलात, खाली मान घालून. रेनिंग निंदताना उठली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मग पुन्हा वाकली. मी याच्या भातावर जळलो, याच्या पाहुण्यांवर जळलो, आणि हा सहा वर्षं रोज सकाळी इथं बसून माझं शेत बघत होता. तीन खाचरांसकट. मी ते एकदाही बघितलं नाही, आणि आता तसं ते कुणालाच दिसणार नव्हतं. पोटात असं दुखलं की आधीची सहा वर्षं काहीच नव्हती.

"सरक की जरा," विर्ता म्हणाला. "मलाही बसू दे."

मी सरकलो नाही.