चपलांपाशी उभी मुलगी

गुरूचा दोष शिष्यांसमोर बोलावा, तर गुरूच्या मानाला तडा जातो. न बोलावा, तर विद्या मलिन होते. गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या भंडारा जिल्ह्यातील मकतबांवर, म्हणजे मशिदीतल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांवर, देखरेख करणारे पर्यवेक्षक इनायतअली अड्याळच्या मकतबात याच पेचात सापडले.

मुले एका सुरात कुराणातली सूरह माऊन म्हणत होती. उच्चार निर्दोष. त्यांना शिकवणारे, अख्खे कुराण मुखोद्गत असलेले वृद्ध हाफिज मुस्तकीम डोळे मिटून डोलत होते. दाराशी मात्र, चपलांपाशी, शाहिस्ता उभी होती. उशिरा येणाऱ्याने तिथेच उभे राहावे, हा हाफिजजींचा जुना नियम.

"उशीर काहून झाला, बेटी?" इनायतअलींनी हळूच विचारले.

"आज बाजार आहे ना. अम्मीच्या बांगड्याच्या दुकानावर बसली होती."

"अन् अब्बा?"

"नाहीत."

इनायतअली अस्वस्थ झाले. जो अनाथाला, म्हणजे वडील वारलेल्या लेकराला, धुडकावतो तोच धर्म नाकारतो, असा त्या सूरहचा आशय. मुले तेच आळवत होती, आणि अनाथ पोर दाराशी उभी होती.

मकतबचे सचिव कय्यूमभाई कानाशी लागले, "पोपट झालेत पोरं, साहेब. इथंच सांगून टाका बुढ्याले. उद्याच नवा मौलवी आणतो."

इनायतअली उठले, बसले, पुन्हा उठले. "हाफिजजी, जरा बाहेर येता?"

कडुनिंबाखाली त्यांनी सूरहचा अर्थ सांगितला आणि दाराशी उभ्या शाहिस्ताकडे बोट दाखवले. हाफिजजींचा चेहरा उतरला.

"उस्तादानं मले नुसतं पाठ करवलं. मतलब कोणी सांगतलाच नाही." मग चाचरत म्हणाले, "आता काढता का मले?"

"काढाले नाही आलो. दर गुरुवारी येईन. पोरं यायच्या आधी दोघं मिळून मतलब वाचू."

"या उमरीत?"

"माझी उमर कोणती कोवळी आहे?"

मागोमाग आलेले कय्यूमभाई उसळले, "अन् नाही सुधारलं तर?"

"तर पह्यले मले काढा. देखरेख माझी आहे."

हाफिजजी आत गेले. शाहिस्ताचा हात धरून त्यांनी तिला पहिल्या रांगेत बसवले, आणि स्वतः तिच्या शेजारी मांडी घातली.

"साहेब, लपून कायले शिकू? मतलब इथंच सांगा. मीही ऐकतो."

मुले चकित होऊन पाहू लागली. इनायतअलीही आत येऊन समोर बसले आणि सूरहचा अर्थ सांगू लागले.

शिकवणाऱ्याला शिकण्याचे धैर्य लाभो, त्याच्यावर देखरेख करणाऱ्याच्या वाणीत करुणा राहो, आणि त्या लेकरांच्या पाठांतराला अर्थाचा प्रकाश मिळो.